आज सातम

"किल्ला किती वाजता उघडतो?"

माघातला रविवार, सकाळचे साडेअकरा, अलिबागचा किनारा. विचारणारे गृहस्थ पुण्याचे, गाडी एमएच बारा. मागे बायको, दोन मुलं आणि एका टपरीच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकलेली त्यांची आई. पहाटे लवकर निघायचं म्हणत सातला निघालेल्या आणि वडखळच्या गर्दीत अर्धा तास घालवून आलेल्या कुटुंबावर असते ती सगळी कळा चेहऱ्यांवर होती. प्रश्न घोडागाडीवाल्याला होता. त्याने आधी समुद्राकडे पाहिलं, मग घोड्याकडे, आणि म्हणाला, "आज सातम. आज तो नीट उघडत नाय." गृहस्थ हसले. "म्हणजे सप्तमीला सुट्टी असते?" घोडागाडीवाला हसला नाही. समोर दीड-एक किलोमीटरवर कुलाबा किल्ला उन्हात स्वच्छ दिसत होता, आणि किनारा ते किल्ला या पट्ट्यात गढूळ, आळशी पाणी पसरलेलं होतं. काही जण त्यात गुडघ्याच्या वर भिजत चालले होते, काही जण मध्यावरून परतत होते.

बाजूला उभं राहून ऐकलेले हे दोन-तीन संवाद परतीच्या घाटापर्यंत डोक्यातून गेले नाहीत. खरं तर दोघांचंही बरोबर होतं. दारात तिकीट देणाऱ्या पुरातत्त्व खात्याच्या माणसाला वेळापत्रक असतंच, ते फोनवर दिसतंही. पण दारापर्यंत पोचायचं वेळापत्रक वेगळं, ते आकाशात असतं, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला ते बोटांवर पाठ असतं. एकाच जागेची ही दोन घड्याळं. त्यातलं एकच आपण घेऊन येतो आणि मग दुसऱ्यावर चिडतो.

आकाशातल्या घड्याळाचा हिशेब अगदी सोपा आहे. कोकणात तो 'तिथीची पाऊणपट' म्हणून करतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. सप्तमीला सात पाऊणे सव्वापाच. भरतीची वेळ कळली की सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं मागे किंवा पुढे गेलं की ओहोटी, तिथल्या बोलीत सुकती. दिवसात दोन भरत्या, दोन सुकत्या. बस्स. पण या पाऊणपटीत एक छोटी गळती आहे. पंधरा पाऊणे सव्वाअकरा होतात, आणि पौर्णिमा-अमावास्येला इथे पूर्ण भरती बाराच्या आसपास असते, दुपारीही आणि मध्यरात्रीही. मग पाऊण तास गेला कुठे? तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यामधलं १२ अंशांचं अंतर. पृथ्वीला स्वतःभोवती १२ अंश फिरायला लागतात ४८ मिनिटं, म्हणजे बरोबर दोन घटका. पंधरा तिथी गुणिले दोन घटका म्हणजे तीस घटका, म्हणजे बारा तास, आणि हिशेब मिनिटालाही न सांडता मिटतो. घड्याळं आली, घटका गेल्या, आणि ४८ मिनिटांचा सोयीसाठी पाऊण तास झाला. तीन मिनिटांची ती काटछाट पक्षाच्या शेवटी पाऊण तास होऊन बसते. म्हणून नवमी-दशमीच्या पुढे गेलं की गुणाकारात अर्धा तास वाढवून घ्यायचा. त्यापलीकडे वारा, किनाऱ्याचा आकार यांच्यापायी अर्धा तास इकडेतिकडे होतोच. नक्की मिनिटं हवी असतील तर भरतीचे छापील तक्ते आहेत आणि ते फोनवरही मिळतात. पण तक्ता हाताशी नसताना, ज्या महिन्यात जायचं त्या महिन्याचा अंदाज पुण्यात स्वयंपाकघरात उभं राहून येतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर चौकटीत तिथी छापलेली असते.

पण वेळ कळणं हा अर्धाच भाग.

इथे हुशार माणूस फसतो. तो गुणाकार करतो, अष्टमीला भरती सकाळी सहा-साडेसहाला म्हणजे ओहोटी दुपारी साडेबाराला, वा, पुण्याहून आरामात निघून जेवणाआधी किल्ला! आणि तिथे पोचल्यावर पाणी हटलेलंच नसतं. कारण सप्तमी-अष्टमीला भांग असतो. चंद्र आणि सूर्य काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याला मारते, त्यामुळे भरती धड चढत नाही आणि ओहोटी धड उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला दोघांची ओढ एका रेषेत येते, ते उधाण. छापील तक्त्याच्या मापाने उधाणाला या किनाऱ्यावर भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीत पाणी एका मीटरच्याही खाली उतरतं. भांगाला भरती सव्वातीन-साडेतीनच्या आसपास अडखळते आणि ओहोटीतही पाणी त्याच मापाने दीड-दोन मीटरवरच थांबतं. म्हणजे भर ओहोटीतसुद्धा किल्ल्याची वाट पाण्याखाली. मग ऐन उधाणाच्या दिवशी जावं? तर पौर्णिमेला ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. सकाळी उजाडलेलं नसतं, संध्याकाळी उजेड संपत आलेला असतो. समुद्राने दुपारच्या पाहुण्यांसाठी काही ठेवलेलंच नाही. जेव्हा पाणी खोल उतरतं तेव्हा आपण झोपेत असतो, आणि आपण पोचतो तेव्हा ते नाइलाजाने थोडंसं सरकतं.

मधला मार्ग आहे, आणि तो चांगला आहे. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येच्या दुसऱ्या दिवसानंतरच खरा चढतो आणि चतुर्थीपर्यंत टिकतो. द्वितीया, तृतीया, चतुर्थी, शुद्ध असो की वद्य, या तीन दिवसांत ओहोटी सकाळी साधारण साडेसात, सव्वाआठ, नऊ अशी पडते. पाणी खोल उतरलेलं, ऊन कोवळं, वाळू टणक. पुण्याहून एक्स्प्रेसवेने खोपोली, तिथून पेण, वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड असा सुमारे १४५ किलोमीटरचा रस्ता. पहाटे चारला निघालं की आठच्या आत किनाऱ्यावर. ज्यांना पहाटे चार हा आकडा अमानुष वाटतो त्यांनी आदल्या रात्री मुक्कामाला यावं. पक्षाच्या दुसऱ्या टोकाला द्वादशी-त्रयोदशीला दुपारी चार-साडेचारची ओहोटी मिळते. तीही वाईट नाही, पण परत येताना सूर्य पाठीमागे कलत असतो आणि माणसं फोटोसाठी रेंगाळतात. रेंगाळलेल्यांची ओढाताण किनाऱ्यावर नेहमीची आहे.

ही ओढाताण का होते, तेही पाहण्यासारखं आहे. भरती एका चालीने येत नाही. एकूण चढ-उताराचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. उधाणाला चार मीटरचा फरक धरला तर पहिल्या तासात जेमतेम एक फूट पाणी. किल्ल्यातून पाहणाऱ्याला वाटतं, काही हललेलंच नाही, आणखी एक चक्कर मारू. दुसऱ्या तासात दोन फूट, तिसऱ्यात मीटरभर. शिवाय वाळू दिसते तशी सपाट नसते. पाणी सखल जागा आधी भरतं, त्यामुळे तुम्ही उभे आहात ती जागा कोरडी असताना मागची वाट कमरेएवढी झालेली असू शकते. म्हणून नियम असा, की ओहोटीच्या तळवेळेच्या दीड तास आधी निघायचं आणि तळवेळेनंतर तासाभरात किनाऱ्यावर परत. चपला नकोत. ओल्या वाळूत त्या रुततात, आणि किल्ल्याजवळच्या खडकांवर पाय सटकतो. त्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. मागच्या पट्ट्याचे जुने सँडल किंवा फेकून द्यायच्या लायकीचे बूट उत्तम. घोडागाडी ठरवली तर जाण्या-येण्याची एकत्र ठरवावी आणि परतीची वेळ गाडीवाल्याला ठरवू द्यावी, आपण ठरवू नये. तो "आता चला" म्हणाला की फोटो अर्धा टाकून चलावं.

आत गेल्यावर मात्र घाईचं सार्थक होतं. उत्तर-दक्षिण सुमारे ९०० फूट, पूर्व-पश्चिम ३५०, तटाची उंची सरासरी २५ फूट, १७ बुरूज. आकडे छोटे आहेत, पुण्यातली एखादी मोठी सोसायटी याहून पसरट असेल. १६८० मध्ये, आपल्या अखेरच्या दिवसांत, शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. तटाजवळ जाऊन दगडांच्या सांध्यात बोट घालून बघावं. चुना नाही. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक बसवलेले आणि मध्ये फटी. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या डोळ्याला हे अर्धवट काम वाटतं. पण लाट आपटते तेव्हा पाणी फटीत शिरतं, आत विखुरतं आणि तसंच बाहेर येतं. सांधे बंद केले असते तर तोच सगळा धक्का भिंतीला सोसावा लागला असता. समुद्राला थोडं आत येऊ देणारी भिंत. साडेतीनशेच्या आसपास पावसाळे झाले, बरीचशी उभी आहे. उत्तरेला दगडांच्या बांधाने जोडलेला धाकटा सर्जेकोट आहे, तिकडे फारसं कुणी जात नाही. जावं.

आतलं गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. पंचायतन आहे, समोर पुष्करणी आहे, आणि दुपारीसुद्धा गाभाऱ्यात असा गारवा की भिजलेल्या पायांना शिरशिरी येते. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत विहिरीत गोडं. याला चमत्कार म्हणायची पद्धत आहे, पण कारण त्याहून सुंदर आहे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, शेकडा अडीचच्या आसपास. पावसाचं मुरलेलं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. बेताने उपसलं तर वर्षभर पुरतं, हावरेपणाने उपसलं तर खालचं खारं वर येतं आणि विहीर बिघडते. किल्ल्यावरच्या माणसांना पाणी मोजून वापरायची शिस्त कुणी लावली असेल, तर ती या अडीच टक्क्यांनी. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशरमधल्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. आंग्र्यांचा किल्ला आणि तोफा विलायती. त्या तोफांवर बसून फोटो काढणाऱ्यांची रांग असते, कोरलेलं कुणी वाचत नाही. वाड्यांची फक्त जोती राहिली आहेत. आंग्र्यांचं संस्थान खालसा झाल्यावर १८४२ मध्ये इंग्रजांनी आतल्या इमारतींचं लाकूड लिलावात विकलं आणि दगड गावाच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला लावले. वाडा विकला, नळ आले. गावाला विचारलं असतं तर गाव काय म्हणालं असतं, कोण जाणे.

पुण्याच्या माणसाला या किल्ल्यात जरा अवघडल्यासारखं व्हायला हरकत नाही.

कान्होजी आंग्रे आणि बाळाजी विश्वनाथ यांचा १७१४ चा करार ही चांगली सुरुवात होती. कान्होजी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, राहिले, समुद्र त्यांचा, घाट इकडचा. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन याच कुलाब्यावर चालून आले, तेव्हा घाटावरून कुमक घेऊन बाजीराव उतरले आणि तो हल्ला फसला. इथपर्यंत छाती फुगवता येते. कान्होजी १७२९ मध्ये गेले, मुलांत भांडणं लागली, पेशव्यांनी कुलाब्याच्या मानाजीची बाजू घेतली, विजयदुर्गाचा तुळाजी जुमानेना. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत, पेशव्यांशी झालेल्या कराराच्या आधाराने आलेल्या इंग्रजी आरमाराने विजयदुर्गाखाली तुळाजीचं आरमार जाळलं. तुळाजी उद्दाम होता, किनाऱ्यावर त्याने लोकांना छळलंही, हे सगळं खरं. तरीही त्या दिवशी जे जळलं ते परत कधी उभं राहिलं नाही, आणि त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवेल असं फारसं कुणी उरलं नाही. हे पाप एकट्या पुण्याच्या माथी मारणं सोपं आहे, आणि पूर्ण खरं नाही. पण समुद्र हा दूरचा, दुसऱ्याने सांभाळायचा प्रांत आहे, आपण फक्त आज्ञापत्र पाठवायचं, ही सवय घाटावर जुनी आहे एवढं त्या तटावर उभं राहिल्यावर मान्य करावंसं वाटतं. कोकणातली माणसं 'घाटावरचे' म्हणताना ओठ किंचित मुडपतात, त्याला काहीतरी इतिहास असणारच.

किल्ल्यावरून परतलं की बहुतेक गाड्या नागाव-काशिदच्या वाळूकडे धावतात आणि गाव तसंच राहतं. गावात बघायला दोन तास पुरतात आणि पायी बघावं. हिराकोट काळ्या दगडाचा, बुटका, रागीट चेहऱ्याचा. आत तुरुंग आहे, त्यामुळे बाहेरून, तळ्याच्या काठाने एक फेरी. कान्होजींची समाधी गावातच आहे, आणि एवढ्या माणसाच्या समाधीपाशी इतकी शांतता असावी हे आधी खटकतं, मग बरं वाटतं. इस्रायल आळीत मागेन अबोथ हे सिनेगॉग आहे, १८४८ चं. बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. मराठी बोलणारे, मराठीत भांडणारे, आणि शनिवारी मात्र बैलाला सुट्टी. आता घरं थोडी, बरीचशी बंद. ओसरीवरच्या कठड्याला धूळ, आणि चौकटीच्या उजव्या खांबाला तिरकी लावलेली मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची छोटी डबी, कुठेकुठे अजून दिसते. गावाचं नावही अली नावाच्या एका श्रीमंत बागवाल्यावरून पडलं असं सांगतात. तो बेने इस्रायली होता की मुसलमान, यावर एकमत नाही, आणि गावाला त्याची फिकीरही नाही.

आणि मग वेधशाळा. आत सहज जाता येत नाही, कुंपणाबाहेरून झाडं तेवढी दिसतात, तरी तिच्यासमोरून जावं. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जात होती. विजेच्या ट्रामा येणार असं ठरलं, आणि ट्रामच्या विजेने सुया थरथरणार हे उघड होतं. तिथल्या वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागची, आणि १९०४ मध्ये इथे लोखंड टाळून, चुंबकत्व नसलेल्या सामानाची इमारत उभी राहिली. जुनी आणि नवी नोंद जुळावी म्हणून दोन्हीकडे दोन वर्षं एकाच वेळी मोजमाप चाललं, मग मुंबईची यंत्रं थांबली. म्हणजे एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्याला बदली. या जिल्ह्याचं नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होतं, म्हातारी माणसं अजून चुकून तेच म्हणतात. मला या वेधशाळेचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी वाटतं. विजेच्या गाड्या, कारखाने, गोंगाट यांपासून लांब म्हणून निवडलेलं गाव, आणि शंभराहून अधिक वर्षं तिथे कुणीतरी रोज पृथ्वीची ओढ टिपून ठेवतंय. मैलभरावर किनाऱ्यावर दुसरा कुणीतरी बोटांवर चंद्राची ओढ मोजतोय. दोघांचाही हिशेब चुकत नाही, आणि दोघांनाही पर्यटक विचारतो, इथे बघण्यासारखं काय आहे?

हेच ते गाव, ज्याच्या नावाने आपण एकमेकांना 'अलिबागहून आलायस का?' म्हणतो. २०१९ मध्ये या वाक्यावर बंदी घाला म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने याचिका फेटाळली, विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका अशा अर्थाचं काही सांगितलं. निकाल योग्यच. पण माघातल्या त्या रविवारी किनाऱ्यावर जे चाललं होतं ते पाहता, अलिबागहून कोण आलं होतं आणि कोण पुण्याहून, याचा उलगडा न्यायालयात होण्यासारखा नव्हता.

दुपारी खानावळीत जेवण. सुरमईच्या ताटासाठी सगळी रांग, पण माघात खरी मजा बोंबलाची आणि वालाची. वरसोली-थळच्या बाजूला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, दोन-दोन, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून, दोरी न लागता. थंडीचं कोरडं ऊन मिळालं तर दोन-तीन दिवसांत ते कडक होतात, ढग आले की वास बदलतो आणि माल पडेल भावाने जातो. वास सहन न होणाऱ्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहावं. परतीच्या रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा नुकत्याच लागायला लागलेल्या असतात. भाताच्या कापणीनंतर त्याच वाफ्यात लावलेला कांदा, पातीची वेणी घालून बांधलेला. माळ घेताना पात ओढून बघायची. वेणी मूळ पातीची असेल तर कांदा इथला असण्याचा संभव जास्त, सुतळीने बांधून 'माळ' केलेली असेल तर पुढे निघावं. तो चवीला इतका सौम्य की जेवताना नुसता खाल्ला जातो, आणि पुण्यात आल्यावर आठ दिवसांत संपतो.

पोपटीचा मोसम मात्र संपत आलेला. शेतात कुणी करत असेल आणि बोलावलं तर नाही म्हणू नये. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. हवी तर अंडी, बटाटे, मसाला लावून पाल्यात गुंडाळलेली कोंबडी. वर पुन्हा शेंगा, आणि तोंड पाल्याने घट्ट चोंदून मडकं जमिनीवर उपडं. पाण्याचा थेंब नाही, शेंगांच्या अंगच्याच पाण्यात सगळं शिजतं. भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या, अर्धा तास. झालं की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र होऊन लगेच उडालं तर झालं. फसते ती दोन कारणांनी. जाळ एकाच बाजूला लागला तर एका अंगाच्या शेंगा करपतात आणि दुसऱ्या कच्च्या राहतात, आणि तोंड सैल राहिलं तर वाफ निघून जाऊन सगळंच कोरडं पडतं. तो पाला चुरगळला की उग्र, ओव्यासारखा वास हाताला दिवसभर राहतो. आमच्या शिवाजीनगरचं जुनं नाव भांबुर्डे. आज तिथे त्या नावाचं काय उगवतं ते सांगायला नको.

त्या सकाळचा एक तुकडा राहिला.

गृहस्थांनी शेवटी घोडागाडी ठरवली नाही. पाणी बघून मुलांची आई नको म्हणाली, आणि दर ऐकून ते स्वतः. त्यांनी फोनवर किल्ला मोठा करून पाहिला, दोन फोटो काढले, "बघितल्यासारखंच आहे" म्हणाले. मुलं वाळूत खड्डा खणायला लागली. खुर्चीवरच्या आजी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी घोडागाडीवाल्याला जवळ बोलावून विचारलं, "आत देऊळ कुणाचं आहे हो?"

"गणपतीचं, आजी."

"आणि पाणी कधी हटतं?"

"चवथीला या. चालत जाल."

आजींनी अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवला आणि मोजायला सुरुवात केली. सातम, सहावी, पंचमी. थांबल्या. म्हणाल्या, "गुरुवारी संकष्टी होती."

"व्हती ना. सकाळी पार कोरडं व्हतं. साडेआठला बायका नारळ घेऊन गेल्या."

यात एक बारकावा आहे. संकष्टी चंद्रोदयाच्या चतुर्थीवर धरतात, त्यामुळे त्या दिवशी सकाळी बऱ्याचदा अजून तृतीयाच चालू असते. तृतीयेची ओहोटी सव्वाआठ, चतुर्थीची नऊ. साडेआठला गेलेल्या बायका या दोहोंच्या मध्ये गेल्या. त्यांनी गुणाकार केला नसेल.

आजींनी मुलाला हाक मारली. गेली कित्येक वर्षं त्या संकष्टीचा उपास धरत असणार, चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेतून काढत असणार, महिन्याच्या महिन्याला, एकही न चुकवता. "अरे, पुढच्या संकष्टीला येऊ या का? बघ बरं कधी आहे."

त्याने फोनवर पाहिलं. "शुक्रवारी आहे आई," तो म्हणाला. "शुक्रवारी रजा नाही मिळायची."